माईचा कोबी

“माई, माझीच झाडं का हो कुजली?”

गोदामाई चुलीवरचा कोबी पळीनं हलवत बसली.

ही आपल्या नगरकडची बैरागीण. हिमालयातल्या त्या थंडगार उतारावर कधीची येऊन राहिलेली. अंगणभर दगडच दगड, आणि फटीफटींत गोधडी अंथरावी तशी जमिनीला चिकटून पसरलेली फुलझाडं.

शंभूराव खळतकर शहरातल्या मोठ्या बागेचे मुख्य माळी. पेन्शनीत निघाले आणि मंत्र घ्यायला थेट इथं वर आले.

माई म्हणाली होती, “दगडांतला एवढा वाफा तुझा. दोन वर्षांनी राखीपुनवेला फुललेला दिसला तर मंत्र. नाहीतर खाली जाणारी गाडी.”

शंभूरावांना हसू आलं होतं. झाडं? आणि मला शिकवणार?

दोन वर्षं खालच्या गावातून शेणखताच्या पाट्या डोक्यावर वाहिल्या त्यांनी. कंबर गेली, टक्कल पडलं. आणि आज राखीपुनव... वाफा काळा पडलेला, लिबलिबीत.

“सगळा नाही हं गेला!” शंभूराव घाईघाईनं म्हणाले. “तो कोपरा बघा, नुसता जांभळा झालाय. खतही तिथंच सगळ्यात जास्त घातलंय मी. तेवढ्यावर तरी...”

माई पळी घेऊनच उठली. कोपऱ्यापाशी फतकल मारली, फुलांची कड अलगद उचलली.

“घाल हात.”

शंभूरावांनी घातला. खडी. आणखी आत... खडीच.

“माझं खत?”

माईनं पळीनं घरामागं दाखवलं. तिथं कोबी. एकेक गड्डा घागरीएवढा.

“तू सकाळी नदीवर गेलास की मी एक पाटी उपसायची. तेवढीच खडी भरायची. कोपराभरच झालं. म्हातारं माणूस, किती करणार?”

“माई! तुम्ही चोरलंत?”

“मग? आणि खाल्लं कोणी? वर रोज बोटं चाटत म्हणतोस, ‘माई, कोबी कसा गोड लागतो!’”

शंभूराव कोपऱ्याकडं बघत राहिले. मग काळ्या वाफ्याकडं. मग आपल्या सुटलेल्या पोटाकडं...

त्यांनी माईचे पाय धरले.

“कळलं माई. सगळं कळलं. आता तेवढा मंत्र द्या.”

माईनं कपाळावर हात मारला.

“मंत्र? म्हणजे तुझ्यात आणखी एक पाटी? नको रे बाबा... एवढा कोबी खाणार कोण?”