केसरराणीचा निवडुंग

फार फार पावसाच्या देशात, बरं का, एक राजा राहायचा. तिथे इतकी ओल, की भिंतींना शेवाळ आणि मिठाच्या बरणीत सदा पाणी. ए शमे, चुळबुळ पुरे, ऐक. त्या देशाची एक रीत होती. माया करायची म्हणजे पाणी घालायचं. कुणाच्याही दारात झाड दिसलं, की येता-जाता त्याला ओंजळभर पाणी. नाही घातलं तर लोक म्हणायचे, काय कोरड्या मनाचा माणूस आहे!

मग त्या राजाचं लग्न झालं वाळूच्या देशातल्या राजकन्येशी. तिचं नाव केसर. तो देश इतका लांब, की तिकडून आलेल्या लेकीला पुन्हा माहेर दिसायचं नाही. निघताना आईने तिच्या हातात काय ठेवलं? हिरा? छे! मातीच्या वाडग्यात लावलेला लिंबाएवढा निवडुंग. "माझी आठवण आली की याच्याकडे बघ हो," एवढंच बोलली.

केसरने निवडुंग खिडकीत ठेवला. रोज सकाळी ती त्याच्याजवळ बसायची. मग तिला सगळं आठवायचं. तापलेलं अंगण, उंटांच्या घंटा, बाजरीची भाकरी थापणारे आईचे हात.

पण झालं काय, राजा आला. "अरे वा, राणीचं रोप!" घातलं ओंजळभर पाणी. मग दासी आल्या, त्यांनीही घातलं. सासूबाईंची तर सुनेवर भारीच माया. त्यांनी आख्खा तांब्या ओतला! आणि हे रोज, बरं का. केसर पडली नवी नवरी. सासरच्यांना नको कसं म्हणणार? 

मग निवडुंग पिवळा पडला, बुडाशी मऊ झाला. माळी म्हणाला, पाणी कमी पडतंय. वैद्य म्हणाला, दूध घाला. पुरोहित म्हणाले, गंगाजल घाला. घ्या! तिघं शहाणे, आणि तिघांनीही ओतलंच. रोप एका अंगाला कललं.

केसरच्या मनात आलं, हेही गेलं, तर आईचं म्हणून आपल्याजवळ उरलं काय? मग कधी मान वर न करणारी ती सून मोठ्याने ओरडली, "पुरे! याला आता कुणी थेंबभर पाणी घालायचं नाही!"

 सासूबाईंचा तांब्या हातातच राहिला. "म्हणजे आमची माया नको का गं तुला?"

केसरला रडूच फुटलं. "हवी हो, सासूबाई. पण हे कोरड्यातलं झाड. माझी आई महिना महिना पाणी घालायची नाही. नुसती याच्याजवळ बसायची."

मग केसरने सुरी घेतली आणि सडलेलं बूड कापून टाकलं. उरलेला शेंडा तसाच खिडकीत सुकू दिला. कापलेला भाग वाळला, तेव्हा तो कोरड्या वाळूत रोवला. सासूबाई पाट घेऊन खिडकीशी राखणीला बसल्या. कुणी ओंजळ घेऊन आलं, की "चल, हो तिकडे!" राजालासुद्धा सोडलं नाही त्यांनी. त्यांचा स्वतःचा हात मात्र सारखा शिवशिवायचा. मग तो पदरात गुंडाळून ठेवायच्या, आणि बसल्या बसल्या विचारायच्या, "तुझी आई भाकरी कशी गं थापायची?" केसर सांगत राहायची, त्या ऐकत राहायच्या.

असा पाऊस सरला, थंडी सरली. एक दिवस लख्ख ऊन पडलं. आणि काय सांगू बाळांनो! निवडुंगाच्या डोक्यावर गुलाबी फूल! रोपापेक्षा फूलच मोठं!

केसर धावत आली. अगदी तस्संच, आईच्या अंगणातल्यासारखं. ती फुलावर वाकली आणि हुंदके देऊन रडायला लागली.

सासूबाईंनी तिला खस्सकन मागे ओढलं. "रड बाई, मनसोक्त रड. पण इकडे, माझ्या पदरात. तिथे पाणी पडायला नको!"

रडता रडता केसर अशी खळखळून हसली, की राजा बघायलाच धावत आला. मग काय, सगळी सुखात राहिली. चला, ओढा पांघरुणं नि मिटा डोळे.