लग्नघरातला परका वैद्य

फार पूर्वी, गलबतं नुसत्या वाऱ्याच्या भरवशावर समुद्र ओलांडत होती, तेव्हाची ही गोष्ट.

कोकणातला एक वैद्य नव्या वनस्पतींची माहिती घ्यायला चीन देशी गेला. डोंगरउतारावर चहाचा मळा असलेल्या एका शेतकऱ्याने त्याला आपल्या घरी ठेवून घेतलं. वैद्य तिथे तीन वर्षं राहिला.

शेतकऱ्याला एकच मुलगी होती. तिनेच वैद्याला तिथली भाषा शिकवली. एकदा जेवताना त्याने मीठ मागितलं, पण उच्चार असा चुकला की त्याचा अर्थ धूर झाला. मुलगी हसून हसून बेजार झाली. मग उठली आणि चुलीतलं धुमसतं लाकूड आणून तिने त्याच्यासमोर धरलं. "घ्या काका, जेवा पोटभर!"

पुढे तिचं लग्न ठरलं. डोंगरापलीकडच्या गावातलं मोठं घराणं होतं. सगळं ठरवलं ते मध्यस्थ बाईने. नवऱ्या मुलाला कुणी पाहिलेलं नव्हतं. तिथे तशीच रीत होती.

लग्नाआधी तीन दिवस मुलगी रडत होती. सूर लावून, शब्द जुळवून रडत होती. वैद्याला ते ऐकवेना. त्याने तिच्या आत्याला विचारलं, "ही का रडते?"

"नवरीने रडायचंच असतं. नाही रडली तर लोक नावं ठेवतात."

"म्हणजे हे रडणं रीतीचं, की खरं?"

"आम्हीही रडलो होतो," आत्या म्हणाली. "आम्हाला कुणी असं विचारलं नाही."

लग्नाच्या दिवशी सकाळीच वाजंत्री वाजवत, फटाके उडवत वऱ्हाड आलं. दारात लाल पालखी टेकली. परदेशचा पाहुणा म्हणून वैद्याला थोरामोठ्यांच्या पंक्तीत मानाने बसवलं. प्रत्येक जण त्याच्याकडे कौतुकाने पाहत होता. परक्या देशात इतका मान त्याला कधी मिळाला नव्हता.

नवरा मुलगा थोरांना चहा द्यायला आला. वैद्यासमोर वाकून त्याने दोन्ही हातांनी पेला पुढे केला. पेला घेताना वैद्याची बोटं त्याच्या हाताला लागली. हात तापलेला होता. गालांवरच्या रंगाखाली गालफडं बसलेली होती. मुलाला खोकला आला, तसा त्याने बाहीने तोंड झाकलं. बाही लाल होती. तिच्यावर पडलेला रक्ताचा ओला डाग दुसऱ्या कुणाला दिसला नाही, पण वैद्याला दिसला. हा क्षय होता, आणि फार पुढे गेलेला होता.

मुलगी अजून पालखीत बसली नव्हती.

एवढ्यात तिचा बाप वैद्याशेजारी येऊन बसला. हळू आवाजात म्हणाला, "तुम्ही वैद्य आहात. जावई जरा उतरलेला वाटतो. प्रवासाचा शीण असेल ना?"

वैद्याने सभोवार पाहिलं. ताटं वाढलेली होती. शेजारीपाजारी हसत होते. मध्यस्थ बाई त्याच्याकडे टक लावून पाहत होती. त्याच्या मनात आलं, मी परका माणूस. यांच्या चालीरीतींतलं मला काय कळतं? भरल्या मांडवात असं कसं बोलू?

"शीणच असेल," तो म्हणाला.

बापाचा चेहरा खुलला. त्याने वैद्याच्या ताटात माशाचा सगळ्यात चांगला तुकडा वाढला. मुलगी पालखीत बसली. पडदा पडला. डोंगराच्या वळणापर्यंत तिचं रडणं ऐकू येत होतं.

थंडी सरायच्या आत नवरा गेला. रात्रंदिवस त्याची सेवा करणारी मुलगीही खोकू लागली. सासरच्यांनी तिला माहेरी धाडलं. दुखवट्याचे पांढरे कपडे घालून ती बापाच्या दारात उतरली, तेव्हा तिला धरून आत आणावं लागलं.

वैद्याने होती नव्हती ती सगळी औषधं केली. एके दुपारी काढा पाजताना तिने विचारलं, "काका, लग्नाच्या दिवशी तुम्हाला कळलं होतं?"

वैद्याला खोटं बोलवेना. "कळलं होतं."

"बाबांनी विचारलं, तेव्हा सांगितलं का नाही?"

"मी परका, पोरी. पाहुणा होतो."

"बाबांनी पाहुण्याला विचारलं नव्हतं," ती म्हणाली. "वैद्याला विचारलं होतं."

तिने काढा संपवला आणि भिंतीकडे तोंड केलं. पंधरा दिवसांनी ती गेली.

वैद्याने सगळं बापापुढे कबूल केलं. वाटलं, हा ओरडेल, मारेल, घराबाहेर काढेल. पण संध्याकाळी बापाने नेहमीसारखं वैद्याचं ताट वाढलं, दोन्ही हातांनी त्याच्यापुढे ठेवलं आणि स्वतः न जेवता मळ्यात निघून गेला. दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्या दिवशीही तसंच.

वाऱ्याची दिशा बदलताच वैद्य गलबतात बसला. गावी परतल्यावर तो पुष्कळ वर्षं जगला. त्याने पुष्कळांना बरं केलं. पण त्याचा मान ठेवून कुणी त्याला लग्नाच्या पंक्तीत बसवलं, की त्याच्या घशाखाली घास उतरत नसे.

तात्पर्य: खरं ठाऊक असलेल्या माणसाने, कुणी विश्वासाने विचारल्यावरही भिडेपोटी गप्प बसणं हा शिष्टाचार नव्हे, तो घात आहे.