चकव्याचा फाटा

एके काळी एक वृद्ध आचार्य घाटमाथ्यावर मठी बांधून राहत असत. ते वेदांताचे आचार्य नव्हते, वाटेचे होते. घोडा कसा राखावा, अंधार पडण्याआधी घाट कसा उतरावा, ऐकलेला निरोप पदरचे तिखटमीठ न लावता कसा पोचवावा, ही जासुदाची विद्या ते तरुणांना शिकवीत. शिक्षण पुरे झाले की शिष्याच्या खांद्यावर आपल्या हाताने जासुदाचा पट्टा घालीत. पट्टा मिळाला की त्या शिष्याने एकट्याने घाट उतरायचा, अशी तिथली रीत होती.

त्यांचा एक शिष्य सगळ्यांत उत्तम स्वार होता. बुजरे शिंगरू त्याच्या हाती दोन दिवसांत मऊ होई. निरोप त्याला एकदा ऐकून मुखोद्गत होत. आणि तरीही पट्ट्याचे नाव निघाले की तो विषय टाळी.

कारण घाटात वाटेला फाटे फुटत. एक फाटा खाली बंदराकडे उतरे, दुसरा झाडीतून वळत थेट कड्याच्या टोकाशी जाई. पूर्वी लोक चुकत. मग बंदरातल्या एका व्यापाऱ्याने पुण्यकर्म म्हणून प्रत्येक फाट्यावर खांब रोवले आणि त्यांवर रंगीत फळ्या ठोकल्या. हिरवी फळी बंदराच्या वाटेला, तांबडी कड्याच्या वाटेला. ढोलताशे वाजले, जेवणावळ उठली. शेटजी स्वतः त्या वाटेने फारसे जात नसत आणि गेलेच तर मेण्याचा पडदा ओढून जात, ही गोष्ट वेगळी.

शिष्य जोवर इतरांच्या मागोमाग जाई तोवर सारे ठीक होते. परीक्षेसाठी एकटा निघाला, तेव्हा मधल्या फाट्यावर चुकला. घोड्याने अचानक चारही पाय रोवले आणि पुढच्या झुडपाच्या पलीकडे त्याला नुसते आकाश दिसले. दुसऱ्या खेपेला त्याच्या झोळीत एका आजारी खलाशासाठी औषध होते. तेव्हाही तो त्याच फाट्यावर फसला, रात्रभर रानात फिरला आणि उजाडताना बंदरात पोचला. खलाशी वाचला, पण शिष्याची झोप उडाली ती उडालीच.

लोकांनी निदान करून टाकले: चकवा लागला. त्या फाट्यावर तिन्हीसांजेला चकवा माणसाची वाट फिरवतो, हे आसपासच्या गावांत लहान मूलही सांगे. चुकणारा हा काही पहिला नव्हता, दिवेलागणीला तिथे भले भले फसले होते. शिष्याने नारळ फोडला, दंडाला गंडा बांधला. एका भल्या माणसाने सुचवले की देवाच्या नावाने तांबड्या फळीवर आणखी थोडा शेंदूर फासावा. तोही त्याने फासला. आपल्याकडे उपाय सापडला नाही की जुनाच उपाय दुप्पट करण्याची चाल आहे.

बातमी व्यापाऱ्याच्या कानी गेली. त्याने मठीत येऊन स्पष्ट सांगितले की याला पट्टा देऊ नये, उद्या याच्या हाती कुणाचा जीव असेल. बोलणे कठोर होते, पण खोटे नव्हते. दाराआड उभ्या शिष्याला ते पटले, आणि म्हणूनच अधिक लागले.

दुसऱ्या दिवशी आचार्यांनी त्याला मळ्यातून पिकल्या मिरच्या तोडून आणायला सांगितले आणि स्वतः बांधावर जाऊन बसले. शिष्य एकेक मिरची बोटांनी दाबून पाही. मऊ लागली की तोडी, कडक लागली की सोडून देई. मिरची पिकली की तांबडी होते हे तो लहानपणापासून ऐकत आला होता, आणि तांबडे कसे असते असे कुणी कुणाला विचारत नाही. पाने हिरवी, कुंकू तांबडे, हे त्याने पाढ्यांसारखे पाठ केले होते. इतरांनीही तसेच पाठ केले असणार, अशी त्याची समजूत होती. आचार्य बराच वेळ पाहत राहिले आणि मग उठून गेले.

संध्याकाळी त्यांनी सर्वांसमक्ष आज्ञा केली की घाटातल्या खुणा आता नव्याने करायच्या आणि त्या हाच शिष्य करील. मठीत कुजबुज झाली. व्यापारी तर धावतच आला. ‘‘महाराज, हे म्हणजे चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या देण्यासारखे झाले!’’

आचार्य हसले. शिष्याला त्यांनी एवढेच सांगितले, ‘‘खूण अशी कर की ती पाहून तुला स्वतःला क्षणभरही शंका येता कामा नये. दुसऱ्या कुणाला विचारू नकोस.’’

पहिले काही दिवस शिष्याने व्यापाऱ्याचेच रंग दाट करून फासून पाहिले. दहा पावले मागे सरून वळून पाही, तो दोन्ही फळ्या एकसारख्याच. अखेर वैतागून त्याने रंगाची मडकी बाजूला सारली, फळ्या काजळी आणि तेलाने काळ्या केल्या आणि त्यांवर चुन्याने खुणा काढल्या. बंदराच्या वाटेला मोठा बाण, कड्याच्या वाटेला मोठी फुली. शिवाय कड्याकडची फळी त्याने गोल कापली. मग दूर जाऊन वळून पाहिले, आणि त्याच्या छातीवरचे कितीतरी वर्षांचे ओझे उतरल्यासारखे झाले. त्याला शंका आली नाही.

आचार्यांच्या सांगण्यावरून मधल्या फाट्यावरच्या जुन्या फळ्या त्याने तशाच ठेवल्या होत्या. नव्या शेजारी रोवून गोणपाटाने झाकल्या होत्या. एके दिवशी कलत्या उन्हात आचार्य व्यापाऱ्याला घोड्यावर बसवून तिकडे घेऊन निघाले. शिष्य मागे होता. फाट्यावर पोचेपर्यंत सूर्य डोंगराआड गेला होता.

‘‘शेटजी, तुमच्याच फळ्या आहेत,’’ आचार्य म्हणाले. ‘‘आता पुढे व्हा आणि आम्हाला बंदराला न्या.’’

व्यापाऱ्याने एका फळीकडे पाहिले, मग दुसरीकडे. दोन्ही काळपट दिसत होत्या. तो घोड्यावरून उतरला, जवळ गेला, डोळे बारीक केले, एका फळीवरून बोटही फिरवले. ‘‘उजेड असता तर...’’ असे काहीतरी तो पुटपुटला.

आचार्यांनी खूण करताच शिष्याने गोणपाट ओढले. त्या मावळत्या उजेडात बाण आणि फुली लख्ख दिसली.

मग आचार्य बोलले. ‘‘शेटजी, काही डोळ्यांना तांबडे आणि हिरवे वेगळे दिसत नाही. या मुलाचे डोळे तसे आहेत. जन्माचे आहेत, त्यात त्याचा अपराध नाही आणि कुणाची बाधाही नाही. तुम्हाआम्हाला तो भेद दिसतो, पण दिवसाच. तिन्हीसांजेला आपलेही डोळे याच्यासारखेच होतात. तोच हा चकवा. आपण त्याला नारळ देत बसलो. ज्याला हा भेद कधीच दिसत नाही त्याने केलेली खूण सर्वांना दिसेल, म्हणून हे काम मी याला दिले.’’

शिष्य लगाम धरून उभा होता. गुरूंनी आजवर पुष्कळ शिकवले होते, पण एवढा हलका तो कधीच झाला नव्हता. आपण वेंधळे नाही, झपाटलेले नाही. त्याने तोंड घोड्याच्या मानेत लपवले आणि रडून घेतले. कुणी त्याला थांबवले नाही.

आचार्यांनी झोळीतून पट्टा काढून तिथेच त्याच्या खांद्यावर घातला आणि ते माथ्याकडे परतले. रीतीप्रमाणे त्याने एकट्याने उतरायचे होते, पण व्यापारी म्हणाला, ‘‘आज मला तुझ्या मागे येऊ दे.’’ बाणामागून बाण धरत दोघे खाली उतरले. अंधार दाटला तरी वाट सुटली नाही.

बंदराच्या वेशीवर मशाली पेटल्या होत्या. व्यापारी शिष्याच्या बरोबरीला आला आणि जरा संकोचत, आपल्या खांद्यावरचे उपरणे पुढे करून त्याने विचारले, ‘‘पोरा, हे तुला कोणत्या रंगाचे दिसते?’’

अशा प्रश्नाला तो आजवर मनाशी काहीतरी अंदाज बांधून, भीत भीत उत्तर देत आला होता. या वेळी त्याने उपरण्याकडे शांतपणे पाहिले.

‘‘मला सांगता येत नाही, शेटजी,’’ तो म्हणाला, आणि मोकळेपणाने हसला.