पाळण्यातली मोड

एका गावात एक आई होती. बाईमाणूस म्हणून जुनी, पण आई म्हणून अगदी नवी. चार बुकं शिकलेली होती, त्यामुळे तिला काळजी करायला विषय पुष्कळ होते. बाळ रडलं की का रडलं म्हणून घाबरायची, आणि गाढ झोपलं की नाकाशी बोट धरून श्वास बघायची. बोट लागलं की बाळ जागं व्हायचं, रडायला लागायचं, आणि मग सगळं पुन्हा पहिल्यापासून.

त्या गावाची एक रीत होती. बारशाला येणारी प्रत्येक बाई पाळण्यात मोडक्या चांदीचा एक तुकडा टाकायची. कुणी झिजलेलं नाणं, कुणी तुटक्या चमच्याचा दांडा, कुणी पैंजणाच्या चार कड्या. ही सगळी मोड सोनार एकाच मुशीत आटवायचा आणि तिची वाटी आणि चमचा घडवून द्यायचा. बाळाच्या उष्टावणाचा पहिला भात त्या वाटीतला. कुणाचा तुकडा किती वजनाचा आणि किती कसाचा, हे कुणी विचारायचं नाही. त्यामुळे गावातल्या वाट्या काही फार उजळ नसत. कुठे पिवळट, कुठे तांबूस. पण गावातलं प्रत्येक मूल अशाच वाटीत जेवून मोठं झालं होतं, आणि जेवणाच्या वेळी ज्या घरासमोर असेल त्या घरात हक्कानं पाटावर बसत होतं.

या आईच्या बाळाचंही बारसं झालं. पाळण्यात बरीच मोड जमली. शेवटी गावातली म्हातारी सुईण आली. बाळाला पहिल्यांदा धरलं होतं ते तिनंच, आणि रोज तेल लावून न्हाऊ घालायलाही तीच यायची. तिनं पदराची गाठ सोडली, एक जाडसर नाणं बाळाच्या पायाशी ठेवलं आणि म्हणाली, "मोठा हो, आणि माझ्यासारख्या म्हातारीला ओळख दे रस्त्यात."

दुसऱ्या दिवशी आई ती मोड घेऊन सोनाराकडे गेली.

"काका, ही चांदी शुद्ध असेल ना?"

"मोड आहे बाई. थोडं तांबं असायचंच तिच्यात. त्यानंच वाटी टणक होते."

"पण बाळ जेवणार आहे हिच्यात. कुठून कुठून फिरून आलेली नाणी, कशात काय मिसळलं असेल कुणी सांगावं."

"शुद्ध करून देतो की. शिसं घालून भट्टीत तापवली की मळ सगळा राखेत उतरतो. चांदी तेवढी कमी भरेल."

"भरू दे. आणि काका…" आईनं जरा आवाज खाली आणला. "आधी एकेक नग कसावर घासून बघता का? अगदीच वाईट काही असलं तर ते मुशीत जायलाच नको."

सोनारानं मान वर केली. "असं आजवर कुणी सांगितलं नव्हतं."

"चुकीचं आहे का?"

"चुकीचं कसं म्हणू. रीत नाही, एवढंच."

आईला क्षणभर वाटलं, नको. मग तिला बाळाचं तोंड आठवलं, आणि काळजीनं नेहमीप्रमाणे बाजी मारली. "घासा," ती म्हणाली.

सोनारानं काळा दगड पुढ्यात घेतला आणि एकेक तुकडा घासून बघितला. बहुतेक सगळे ठीक निघाले. एका जाड नाण्यापाशी मात्र तो थबकला. त्यानं ते ऐरणीवर धरलं, छिन्नी लावली आणि हातोडीनं दोन तुकडे केले. आतून लालभडक तांबं.

"वरून नुसता मुलामा आहे," सोनार म्हणाला. "कुणी दिलंय?"

आईनं ओळखलं होतं.

"बाजूला ठेवू?"

"ठेवा."

उरलेली चांदी शुद्ध झाली. तिची वाटी अशी लखलखीत झाली की आईनं ती तीनदा उजेडात धरून बघितली. बाळानं मात्र ती उष्टावणाच्या दिवशीच जमिनीवर आपटली आणि तिला पोचा पडला. निव्वळ चांदी मऊच असते.

एवढ्यावर भागलं असतं. पण मनात काही ठेवून झोपणं त्या आईला जमत नसे. शेजारीण ताक मागायला आली तेव्हा ती म्हणाली, "तुला म्हणून सांगते हं, कुणाला बोलू नकोस." शेजारणीनं ताक घेतलं आणि गोष्टही घेतली. ताक घरी गेलं, गोष्ट पाणवठ्यावर.

"अगं, एकेकीची चांदी घासून बघितली म्हणे."

"माझा चमच्याचा दांडा पास झाला का, विचार बाई कुणीतरी."

"मी पुढच्या खेपेला सोनारालाच कडेवर घेऊन येते बारशाला."

सगळ्या हसल्या. भांडायला कुणीच आलं नाही. आल्या असत्या तर बरं झालं असतं, भांडणात निदान उत्तर तरी देता येतं. बायका रस्त्यात भेटल्या की पहिल्यासारख्याच बोलायच्या, फक्त बोलणं लवकर संपायचं.

आणि सुईणआजी बाळाला न्हाऊ घालायला यायची थांबली.

दोन दिवस आईनं स्वतःच न्हाऊ घातलं. बाळ तिच्या हातात आकांत करायचं. पाणी जास्त गरम आहे की आपणच जास्त घाबरलोय, हे तिला कळेना. शेवटी बाळाला पाठीशी बांधून ती म्हातारीच्या झोपडीत गेली. दारात म्हातारीची एकुलती एक शेळी बांधलेली होती.

"आजी, चुकलं माझं. तुम्ही फसवलंत असं मनातसुद्धा आलं नव्हतं. बाळाच्या पोटात काही जाऊ नये, एवढंच."

"बस आधी," सुईण म्हणाली. "पाणी घे. मला कुठं ठाऊक होतं गं आत तांबं आहे ते. मी काय कापून बघितलं होतं? तुझा नवरा जन्मला तेव्हा तुझ्या सासूनं घातलं होतं ते नाणं माझ्या ओटीत. तीही साधी बाई, तिला तरी काय कळणार. म्हटलं, राहू दे, ह्याच्याच लेकराला देऊ. अडीनडीलाही मोडलं नाही बघ." मग ती हसली. "बरंच झालं म्हणा. मोडायला गेले असते तर सोनारानं मलाच धरलं असतं."

आईला हसू आलं नाही. नाणं तिच्याच घरातलं होतं, आणि एवढी वर्षं ते जपलं होतं दुसरीनं.

"उद्या याल ना आजी?"

"बघू. हात दुखतात हल्ली."

घरी येताना आईला आठवलं, सकाळीच शेजारच्या आळीतल्या जुळ्यांना आजीनं न्हाऊ घातलं होतं.

ती तशीच सोनाराकडे वळली. नाण्याचे दोन्ही तुकडे त्याच्याकडे पडून होते. तिनं घरून वाटी आणून दिली, सगळं एकत्र आटवायला सांगितलं आणि नवी वाटी घडवून घेतली. ती चांगली तांबूस झाली, टणक झाली, गावातल्या कुठल्याही वाटीसारखी. आईनं मुद्दाम ती बाहेर ओट्यावर उन्हात वाळत ठेवली. येताजाता बायकांनी बघितली. "छान आहे हो," म्हणाल्या आणि पुढे गेल्या.

पुढे तिला मुलगी झाली. त्या वेळी सुईणआजीचे हात दुखतच होते, म्हणून शेजारच्या गावातून दुसरी सुईण आणावी लागली.

मुलीच्या बारशाला सगळ्या आल्या. एकही घर चुकलं नाही. पाळणा म्हटला, घुगऱ्या घेतल्या, आणि मग एकेकीनं पाळण्यात आपापली चांदी ठेवली. या वेळी ती मोड नव्हती. प्रत्येक तुकडा नवाकोरा, आणि प्रत्येकावर सोनाराचा छाप.

"कस लावून आणलंय हो," पहिली म्हणाली. तिच्या आवाजात टोमणा नव्हता. नवी रीत कळली, ती पाळली, असाच सूर होता. "बिनघोर टाका मुशीत."

बाळ मात्र कुणी उचललं नाही. हळदीकुंकू लावून घेतलं आणि निघाल्या.

सगळ्यात शेवटी सुईणआजी आली. तिनं पदराची गाठ सोडली. आत एक लहानसं, पांढरंशुभ्र नाणं होतं, तेही छापाचं.

"आजी, हे कशाला आणलंत?"

"शुद्ध आहे. सोनाराला विचार."

"पण एवढं कुठून…" आईला एकदम काहीतरी सुचलं. "आजी, तुमची शेळी कुठाय?"

"म्हातारी झाली होती," सुईण म्हणाली. "दूधही आटलं होतं."

आईनं घाईघाईनं मुलीला पाळण्यातून काढलं आणि तिच्यापुढे धरलं. "घ्या ना हिला. थोडा वेळ तरी. तुमच्या मांडीवर एकही दिवस झोपली नाही अजून."

म्हातारीनं बाळाकडे खूप वेळ बघितलं. तिचे हात पदराच्या आत होते, ते तिथंच राहिले.

"नको गं," ती म्हणाली. "हात धुतलेले नाहीत माझे."

आणि ती पायऱ्या उतरून गेली.

दुसऱ्या दिवशी आई पाळण्यातली चांदी घेऊन सोनाराकडे गेली. त्यानं एकेक छाप बघितला आणि ढीग तसाच्या तसा तिच्याकडे सरकवला. शुद्ध करण्यासारखं त्यात काहीच नव्हतं.

तात्पर्य: मायेनं आलेलं कसावर घासू नये. खोटं निघालं तरी गमावतो आपणच, आणि खरं निघालं तरी आपणच.