तेल वाढतं तेव्हा

"मगे दाजी, तुमीच सांगा... ह्याच्यापेक्षा बरा तेल ह्या खाडीत कोणाच्या इंजिनात आसा?"

जयवंत कुबलने तेलाचा डबा ओट्यावर ठेवला. ठेवला तोही असा, की डब्यावरचे आकडे नेमके दाजींच्या तोंडासमोर यावेत.

दाजी मेथर गुडघ्यांना खोबरेल चोळत बसले होते. डब्याकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही.

"माझ्या गुडघ्याक ह्या चलता," ते म्हणाले.

"थट्टा नको, दाजी. उद्या सभा आसा."

सभा होती खरी. रेवटी हे गाव म्हणजे वाळूची एक लांबट पट्टी. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला खाडी, आणि दवाखाना खाडीपलीकडे. रस्त्याने जायचं तर अख्ख्या खाडीला वळसा. म्हणून गावाने आजाऱ्यांसाठी एक होडी राखून ठेवली होती. तिच्यात मासे चढत नसत आणि पाहुणेही चढत नसत.

या होडीला गावाने यंदा नवं फोर-स्ट्रोक इंजिन बसवलं आणि ते सांभाळायला तात्पुरता जयवंत नेमला. कायमचा कोण, ते उद्याच्या सभेत ठरायचं होतं. सभा म्हणजे तरी काय? इंजिनाच्या बाबतीत दाजी जिकडे मान हलवतील तिकडे गाव हलवणार. किनाऱ्यावरचे निम्मे मिस्त्री त्यांच्याच हाताखाली तयार झालेले, आणि त्यांत जयवंत सर्वांत हुशार. हे गाव म्हणत असे. त्याहून जास्त वेळा जयवंत म्हणत असे.

दाजींची एक सवय सगळ्या खाडीला ठाऊक होती. कोणाच्याही होडीत बसले की ते तोंड इंजिनाकडे करून बसत. वारा पाठीवर घेतील, पाण्याचे शिंतोडे खातील, पण नजर इंजिनावरची हलवायचे नाहीत. ज्याच्या इंजिनाकडे दाजी पाठ करून बसले, तो शिकला असं लोक समजत.

जयवंतच्या होडीत त्यांनी अजून पाठ केली नव्हती. हे त्याला फार लागून राहिलं होतं.

"गाडीचा तेल घाल म्हणी दुकानदार," जयवंत सांगू लागला. "मी म्हटलंय, गाडी काय रोज खाऱ्या वाऱ्यात उभी नसता, नि तासन्‌तास एका दमात धावणा नाय. माका होडीच्या फोर-स्ट्रोकचाच तेल होया. गंज धरूचा नाय, उन्हात पातळ होवचा नाय. दहा डब्ल्यू तीस. इंजिनवाल्यांनी सांगलेला, अगदी ताच."

"बरोबर," दाजी म्हणाले.

दाजींच्या तोंडून हा शब्द सहसा निघत नसे. जयवंतला आणखी जोर चढला.

"आणि सांभाळतंय कसा, ता बघा. रोज सकाळी चालू करतंय. धक्क्यापासून खाडीतल्या त्या खांबापर्यंत, हळूहळू. कधी मूठ पिळूक नाय. एक दिवस चुकवूक नाय."

"ऐकतंय मी," दाजी म्हणाले. "रोज पुटपुटता... नि गप्प होता."

"नवा इंजिन, दाजी. जपूक नको?"

दाजींनी खोबरेलाच्या वाटीवर झाकण ठेवलं.

"पट्टी काय म्हणता?"

हाच प्रश्न जयवंतला हवा होता. टू-स्ट्रोकमध्ये तेल पेट्रोलातच मिसळायचं, ते जळून जायचं, मागे निळा धूर. या नव्या इंजिनात दोघांची घरं वेगळी. पेट्रोल टाकीत, तेल इंजिनाच्या पोटात. पोटात किती आहे ते बघायला एक पट्टी असते. तिच्यावर दोन खुणा. तेल खालच्या खुणेच्या खाली गेलं की इंजिनाच्या जिवाला धोका.

"तीच तर गंमत," जयवंत म्हणाला. "लोकांचा तेल कमी होता. माझा एक थेंब कमी होवक नाय. उलट..." तो मुद्दाम थांबला. "उलट वाढला!"

दाजींचा गुडघ्यावरचा हात थांबला.

"वरून ओतलंस?"

"थेंबसुद्धा नाय. चांगला तेल, दाजी. उन्हान फुगत असात. नाय तर देवाची कृपा म्हणा."

दाजी भिंतीला हात लावून उठले आणि धक्क्याकडे चालू लागले. जयवंत डबा उचलून मागोमाग निघाला.

होडी शांत पाण्यात बांधलेली होती. इंजिनाचं झाकण असं लखलखत होतं, की त्यात बघून भांग पाडावा. धक्क्याच्या कडेला बुधो खवणेकर जुन्या दोराची गुंडाळी करत बसला होता. दाजींना बघून तो उठून उभा राहिला. जयवंतला बघून परत बसला.

हा बुधो जुनं इंजिन असताना आजाऱ्यांची होडी चालवत असे. नवं बसलं त्याच दिवशी, जन्माची सवय, त्याने तेलाची बाटली उघडून पेट्रोलच्या टाकीवर वाकडी केली. जयवंतने झडप घालून त्याचा हात धरला. अख्खा धक्का बघत होता.

"म्हाताऱ्या, मारशीत एखाद्याक!" जयवंत ओरडला होता. "ह्या तुझा जुना डबडा नव्हे!"

बुधो बाटली घेऊन धक्क्यावर चढला, तो परत होडीत उतरला नाही. जयवंत चूक बोलला नव्हता, त्यामुळे त्याला कोणी काही म्हणालंही नाही.

"दाखव," होडीत उतरून दाजी म्हणाले.

जयवंतने सगळं रीतसर केलं. इंजिन सरळ उभं केलं, कारण तिरक्या इंजिनातली पट्टी खोटं बोलते. तेल खाली उतरायला वेळ दिला. पट्टी काढली, कोरड्या फडक्याने पुसली, पुन्हा घातली, पुन्हा काढली. तेल वरच्या खुणेच्याही वर होतं.

"बघलात?"

"हात बरो आसा तुझो," दाजी म्हणाले. "आता नाकाकडे ने."

"काय?"

"पट्टी. नाकाकडे."

जयवंतने हसत हसत पट्टी नाकाशी नेली.

त्याचं हसू तसंच राहिलं, पण डोळ्यांत उरलं नाही. त्याने पुन्हा वास घेतला.

दाजींनी डबा उघडून नव्या तेलाचा एक थेंब त्याच्या उजव्या हाताच्या बोटांवर सोडला. पट्टीवरचा एक थेंब डाव्या हाताच्या.

"चोळ."

उजव्या हाताची बोटं एकमेकांवरून सरकली. मध्ये तेलाचा थर जाणवत होता. डाव्या हाताची बोटं मात्र एकमेकांना लागली. मध्ये काही नव्हतंच म्हणा ना.

"पेट्रोल..." जयवंत म्हणाला.

दाजींनी डब्याचं झाकण लावलं.

"पण ह्या पोटात खंयसून इला? मी तर..."

बोलता बोलताच त्याला उलगडत गेलं. हुशार होता, त्यामुळे सांगावं लागलं नाही. नवं इंजिन. रोज गार असतानाच चालू करायचं, खांबापर्यंत हळू न्यायचं, तापायच्या आत बंद करायचं. पिस्टनच्या ज्या रिंगा भाराखाली घासून घट्ट बसायच्या, त्या बसल्याच नाहीत. न जळलेलं पेट्रोल त्यांच्या कडेने रोज थोडं थोडं खाली उतरत राहिलं. तेल वाढलं नव्हतं. तेल रोज पातळ होत होतं आणि तो रोज सकाळी पट्टी बघून खूश होत होता.

"ह्याच्यावर भरधाव सोडला असता तर..." तो म्हणाला.

त्याची बायको नमिता घरी होती. दिवस भरत आले होते. आज नाही तर उद्या तिला याच होडीत घालून भर खाडीतून न्यायचं होतं, आणि तेव्हा काही तो हळू नेणार नव्हता. मध्यावरच इंजिन आतून घासून जाम झालं असतं. ओहोटीची ओढ असती तर होडी सरळ समुद्रात. जयवंत फळीवर बसला.

होडी धक्क्याला टेकत होती, सुटत होती.

"दाजी," शेवटी तो म्हणाला, "तुमी रोज ऐकत होतात. मग माका सांगलात कित्याक नाय?"

"सांगलंय."

"कधी?"

दाजींनी बुधोकडे बघितलं.

जयवंतला ती सकाळ आठवली. तो झाकण पुसत होता. बुधो लांबच उभा राहून म्हणाला होता, "जयवंता, जरा भायर ने तिका. भार घाल. धावडव." आणि तो म्हणाला होता, "आता तू माका शिकवतलंस? पेट्रोलात तेल ओतणारो तू?" बुधो मुकाट निघून गेला होता.

"तेका मीच धाडलेलंय," दाजी म्हणाले. "माझे गुडघे त्या दिवशी उठूक देयनत."

"तेना तुमचा नाव सांगूक नाय..."

"तू आयकलंस खंय पुढचा?"

जयवंतने मान खाली घातली. लाज वाटली, आणि ती त्याने लपवली नाही.

दाजी हळूच म्हणाले, "बुधो तेल पेट्रोलात घाली होतो. तू... पेट्रोल तेलात घातलंस."

धक्क्यावर बुधोचे दोर गुंडाळणारे हात थांबले. हसायची त्याला चांगली संधी होती. तो हसला नाही.

"उद्या सभेत माझा नाव घेव नकात," जयवंत म्हणाला. "तेल निवडूची माझी लायकी नाय."

"तेल बरोबर निवडलंस."

"मगे आता कुठला घालू?"

"ताच."

जयवंतने बाह्या सरसावल्या. इंजिनाच्या पोटातलं सगळं तेल त्याने एका रिकाम्या डब्यात उतरवलं. ते पाण्यासारखं भळाभळा आलं. जुनं गाळणं काढून नवं लावलं. नवं तेल घातलं, थोडं थोडं, मध्ये थांबून, पट्टी बघत. दोन खुणांच्या मध्ये आल्यावर हात आवरला. आज त्याचं लक्ष झाकणाच्या चकाकीकडे एकदाही गेलं नाही.

मग तो धक्क्यावर चढला आणि बुधोसमोर उभा राहिला.

"बुधोकाका... भायर नेतंय तिका. भार नको? चला."

बुधोने दोराची गुंडाळी खाली ठेवली. पुसायची गरज नसतानाही हात लुंगीला पुसले आणि होडीत उतरला.

जयवंतने इंजिन चालू केलं, नीट तापू दिलं. दाजी मधल्या फळीवर बसले, नेहमीप्रमाणे तोंड इंजिनाकडे करून. होडी खांबापर्यंत गेली. आजवर ती तिथूनच परत फिरत असे. जयवंतचा हात क्षणभर अडखळला.

"जीव येता रे तेका?" बुधोने पुढून विचारलं.

"येता," जयवंत म्हणाला, आणि त्याने मूठ हळूहळू पिळत नेली. थोडी सोडली, परत पिळली. पुटपुटणारं इंजिन खणखणीत बोलू लागलं. होडीच्या पुढच्या टोकाची नाळ वर उचलली गेली. खाडीचं तोंड आलं, पुढे लाटा दिसू लागल्या. जयवंतचे कान इंजिनात होते आणि डोळे पाण्यावर. दाजी आपल्याकडे बघतात की नाही, हे बघायला त्याला सवड नव्हती.

परतीच्या वळणावर त्याचं लक्ष गेलं. फळीवर त्याला दाजींची पाठ दिसली. खोबरेलाचे डाग पडलेला जुना सदरा, आणि तोंड गावाकडे.

त्याला भरून आलं. काही बोलावं असं वाटलं, पण असल्या वेळी माणूस कामाचंच बोलतो.

"दाजी... पट्टी रोज बघू ना?"

दाजींनी मागे वळून बघितलं नाही.

"रोज बघ. कमी झाला तर घाल," ते म्हणाले. "वाढला... तर घाबर."