भुरी आणि बगळा

फार वर्षांमागे, माळावरच्या एका तळ्याकाठी भुरी नावाची म्हैस चरायला यायची. ऊन चढलं की ती पाण्यात बसे आणि तिच्या पाठीवर एक म्हातारा बगळा येऊन उतरे. दोघं संध्याकाळपर्यंत अवाक्षर बोलत नसत. वाऱ्यानं लव्हाळी हलायची, एखादा मासा उसळी घ्यायचा, पाण्यावर वर्तुळं उठायची आणि विरायची. ते बघता बघता दिवस कलायचा आणि भुरीला भरून पावल्यासारखं वाटायचं.

एकदा बाभळीवरची साळुंकी म्हणाली, “भुरे, हा मुखदुर्बळ तुझ्याशी कधी बोलतो तरी का? किडे टिपायला येतो झालं! माया असती तर दोन शब्द बोलला नसता?”

भुरीच्या मनात किल्मिष शिरलं. बगळा येताच ती म्हणाली, “माझ्यावर माया असेल तर बोलून दाखव.”

बगळा गोंधळला. “मला नाही गं बोलता येत. तुझ्यापाशी गप्प बसायला मिळतं, म्हणून तर इतक्या लांबून येतो.”

साळुंकी खुदकन हसली. भुरीला ते झोंबलं. “गप्पच बसायचं तर दगडावर जाऊन बस!”

बगळा उडाला, तो पुन्हा आलाच नाही.

मग साळुंकीच भुरीच्या पाठीवर बसू लागली. तिच्या तोंडाला खळ नव्हता. एके दिवशी भुरी कळवळून म्हणाली, “बाई, घटकाभर गप्प बसशील?”

“का गं? रागावलीस माझ्यावर?”

भुरी गळ्यापर्यंत पाण्यात उतरली आणि रिकाम्या आभाळाकडे बघत राहिली.