अर्ध्या मजुरीचं मिठागर

समुद्र गावाच्या पायरीपर्यंत यायचा, त्या काळची ही गोष्ट आहे.

खाडीकाठी एक मोठं मिठागर होतं. हौसाबाय तिथली मुकादम. केस पिकले तरी तिचा आवाज खणखणीत होता. नव्या पोरापोरींना काम शिकवणं तिच्याकडे असे, आणि त्या शिकवण्यानेच ती मेटाकुटीला आली होती.

कारण मालकाचा नियम. जुन्या माणसांना पूर्ण मजुरी आणि तरुणांना, शिकाऊ म्हणून, अर्धी. पोरं चिखल तुडवायला शिकत, बांध पोखरणारी खेकड्यांची भोकं हुडकून लिंपायला शिकत, आणि हात बसला की पलीकडच्या मिठागरावर निघून जात. तिथे काम येणाऱ्याला, वय न बघता, पहिल्या दिवसापासून पूर्ण मजुरी मिळे. मग हौसाबाय पुन्हा श्रीगणेशा करी.

त्या वर्षी चांगुणा नावाची पोर आली. आजारी आई आणि धाकटा भाऊ तिच्याच मजुरीवर जगत. तिची नजर अशी तीक्ष्ण, की चालता चालता तिला भोक दिसे. मिठाने तिच्या टाचा फुटल्या, तरी ती कुरकुरली नाही. पण दिवाळीनंतर तीही निरोप घ्यायला आली. अर्ध्या मजुरीत तिघांचं भागत नाही, एवढंच म्हणाली.

हौसाबाय तडक मालकाकडे गेली. मालकाचं उत्तर ठरलेलं होतं. तरुणांना कसला आलाय खर्च, आणि काम फुकट शिकवतो हे काय कमी आहे?

"शिकवते मी," हौसाबाय म्हणाली. "आणि मीठ पाय खातं, तेव्हा वय विचारत नाही."

मालक हसला आणि त्याने पुढची नवी पोरं तिच्या पुढ्यात उभी केली.

ऐन हंगामात, मिठाच्या राशी पांढऱ्याशुभ्र उभ्या असताना, उधाण आलं. हौसाबायचे गुडघे साऱ्या बांधावरून फिरू देत नव्हते, आणि नव्या पोरांना भोकं ओळखता येत नव्हती. भरदुपारी बांध फुटला. पाणी आत घुसलं आणि वर्षाचं मीठ डोळ्यांदेखत विरघळलं.

पलीकडचा बांध मात्र टिकला. त्यावर चांगुणा आणि हौसाबायनेच शिकवलेली पोरं चिखल लिंपत होती.

मालक हौसाबायवर ओरडू लागला, की पोरांना हेच शिकवलंस का? तिने चिखलाचे हात पदराला पुसले.

"शिकवलं होतं. ती बघा, तिकडे करतायत. आता पूर्ण मजुरी द्याल तरच मी नवं पोर हाताखाली घेईन. नाहीतर तुम्हीच शिकवा."

मालक उतरलेल्या तोंडाने बांधावर बसून राहिला. पुढच्या हंगामात त्याने तो नियम मोडीत काढला, पण तोवर अर्धं मिठागर त्याला विकावं लागलं होतं.

नवख्याच्या घामाला जो अर्धं मोल देतो, तो आपलंच पूर्ण नुकसान विकत घेतो.